आक्काची आतली गाय

आक्का गाईला 'अहो' म्हनायची आन् मानसाला 'अरे'. गाय आडवी उभी असली तर, "सरा बाई थोडं, बादली न्यायचीय मागं," असं अदबीनं. आन् गोठ्याचा मालक, चांगला पन्नाशीचा गडी, समूर आला की, "ए, पेंड कुनी भिजवली का तशीच हाय?" मालक मुकाट ऐकून घ्यायचा. त्याच्या सोळाच्या सोळा गाई आक्काच्या हाताला पान्हा सोडायच्या. दुसरं कुनी धारंला बसलं की लाथ तरी झाडायच्या, न्हाईतर दूध वर चढवून धरायच्या. मग मालक बोलनार काय?

गोठा राहुरीच्या अलीकडं, कालव्याच्या कडंला. मी तिथं गेले ती तिसगावाकडनं. नवरा गेल्ता, पदरात दोन पोरी, आन् आमच्याकडं पान्याच्या एका हंड्याला निम्मा दीस मोडायचा. राहुरीला माजा भाऊ हुता, त्यानं गोठ्यात लावून दिलं. मला लिवता येत न्हाई. हे बी मी बोलतीय आन् थोरली पोरगी लिवून घेतीय.

पहिल्या दिवशी आक्का म्हनली, "हात दाव." मला वाटलं, घट्टे बघंल, काम करनारी हाय का न्हाई ते. तिनं माजा तळवा तिच्या गालाला लावला. "गार हाय. गार हात कुनाच्या अंगाला लावायचा न्हाई." आन् मला काखंत हात घालून उभं केलं. समोर गाय रवंथ करतीय, आन् मी आपली काखंत हात घालून तिच्याकडं बघतीय. बाकीच्या बाया हसून हसून बेजार.

लुगड्यावर ती पुरुषाचा शर्ट घालायची, दोन खिशाचा. एका खिशात तंबाकूची डबी, दुसऱ्यात एरंडेलाची बाटली, सड फुटलेल्या गाईला लावायला. भाकरी उभ्यानं खायची. 'बिचारी' म्हनलेलं तिला खपायचं न्हाई. कुनी म्हनलं, "बिचारी आक्का, ह्या वयात राबती," की ती म्हनायची, "तू बिचारा. मी कामावर हाय."

मला आठ-धा दीस झाले असतील. दूध न्यायला येनारा किटलीवाला मालकाला बाजूला घेऊन म्हनला, "जयभीमवाल्या बाईला धारंला बसवलंय म्हनं. लोकं कुरकुर करत्यात." मी तिथंच शेन भरत हुते. ऐकलं आन् खाली मान घातली. असलं ऐकायची सवय हुती मला. आक्का भरली बादली घेऊन आली.

"काय रे, दूध गाय देती का ही देती?"

"गाय देती की."

"मग गाईला इचार जाऊन, तिची काय हरकत हाय का. ती न्हाई म्हनली तर मी हिला उठविते."

किटलीवाल्यानं किटल्या उचलल्या. दुसऱ्या दिवशी आक्कानं मला रस्त्याकडंच्या दावनीला बसवलं, येनाऱ्या-जानाऱ्याला दिसंल असं. त्या दिसापास्नं पंधरा वर्सं मी तिथंच बसले.

तिचं आपलं काय हुतं, ते तिनं एकदाच सांगितलं, घास कापताना. लग्नाला आठ वर्सं झाली, मूल न्हाई. सासू चारचौघात तिला 'भाकड' म्हनायची. एका सकाळी हिनं लुगड्याचं गठुडं बांधलं आन् भावाकडं आली. गावात म्हनत्यात नवऱ्यानं टाकली. ती म्हनायची, "त्यानं न्हाई टाकलं. मी सोडलं. सांगनाऱ्याला नीट सांगत जा." आन् गोठ्यात तो शबुद बंद. आटलेल्या गाईला कुनी भाकड म्हनलं की आक्का खुरपं घेऊन उठायची. "भाकड कोन रे? दमली ती. इतकं दिलंय तिनं, दमनार न्हाई?"

आता सुईचं सांगते, कारन पुढं सगळं त्याच्यावरच आलं.

मालकानं एकदा दुसरा एक धार काढनारा आनला. तो दोन दिवसांत सगळ्या गाईंचं दूध उतरवायला लागला. आमी म्हनलं, ह्याचा हात आक्काच्या वरतान दिसतोय. आक्का नुसती बघत बसली. तिसऱ्या दिवशी त्यानं खिशातनं बारकी बाटली काढली, सुई भरली आन् गाईच्या मानंला टोचली. गाय थरथरली आन् धार लागली. लई ठिकानी चोरून देत्यात ती सुई. गाईच्या मनात असो-नसो, दूध खाली येतं. वासराला ठेवलेलं बी येतं.

आक्कानं बाटली हिसकून दगडावर फोडली. मालकाला म्हनली, "तिच्या मनाबिगर काढलेलं दूध म्हंजे चोरी. ह्या गोठ्यात एकतर ही सुई ऱ्हाईल न्हाईतर मी." मालक म्हनला, "आक्का, तापायचं काम न्हाई." त्या गड्याला तिनं फाटकापतूर घालवत नेलं आन् फाटकाची कडी आपल्या हातानं लावली.

तवाच्याच आसपास गावात तपासनीचं शिबिर झालं. बोटाला टोचून रगत घेतलं. माजं बरं निघालं, माजी शुगर लई नंतर निघाली. आक्काची तवाच निघाली. एक गोळी सुरू झाली. दोन वर्सांनी दोन. मग निराळी एक, मग आनखी. आक्का पथ्याला लोखंडासारखी. चहातली साखर सुटली, लग्नातली बुंदी सुटली, आंब्याच्या दिसात ती आंब्याकडं पाठ करून बसायची. तरी दर खेपंला गोळ्या वाढायच्या. आन् गोळ्या वाढल्या की जो तो तिला इचारायचा, "आक्का, काय खाल्लं?" तिचा भाऊ इचारायचा, भावजय इचारायची, दवाखान्यातला चिठ्ठ्या देनारा बी इचारायचा. जनू हिनं रातचं उठून गुळाची ढेप फोडलीय.

मारामारीला न भिनारी बाई, पन ह्या एका सवालाला तिची मान खाली जायची. मला म्हनायची, "अगं, खरंच काय न्हाई खाल्लं गं." मी म्हनायचे, "आक्का, मला ठावं हाय." पन मला ठावं असून काय उपेग? तिच्या मनात बसलं हुतं की चूक आपली.

मग एक दीस राहुरीच्या डॉक्टरनं रिपोट बघितला आन् घाईत सांगितलं, "गोळ्यांनी आता इन्सुलिन निघत नाही. सुई सुरू करू." भायेर मानसांची रांग. त्याला बी येळ नव्हता.

आक्का रिक्षात बसली. मग म्हनली, "इन्सुलिन कुठं असतं गं?"

मी म्हनलं, "पोटामागं एक स्वादुपिंड असतं म्हनं, ते बनवतं."

"आन् ते आता देत न्हाई?"

"असंच म्हनला तो."

"म्हनून सुई टोचून काढनार?" तिचे डोळे लाल झाले. "मी माज्या गाईला टोचू दिली न्हाई, आन् माज्या आतल्या गाईला टोचू देऊ? मरंन पन न्हाई."

घरी भाऊ म्हनला, "सुई लागली म्हंजे शेवटच म्हनायचा." भावजय तोंडाला पदर लावून रडली. सगळ्यांनी मिळून तिला मेलेलीच ठरवली. आक्का मातुर दुसऱ्या दिवशी गोठ्यात आली ती एकदम ताजी. मला घासाच्या गंजीमागं नेऊन म्हनली, "मला सापडलं."

"काय?"

"आपन गाईला आटवतो का न्हाई? व्यायच्या आदी दोन महिनं?"

ज्याला ठावं न्हाई त्याला सांगते. गाभन गाय व्यायला दोन महिनं ऱ्हायलं की तिची धार बंद करायची. खुराक तोडायचा, कास पिळायची न्हाई. ती आटती, इसावा घेती, आन् व्याल्यावर नव्या दमानं दूध देती. न आटवता पिळत ऱ्हायलं की गाय खंगती.

"माजी आतली गाय इतकी वर्सं पिळतायत हे लोकं," आक्का म्हनली. "एक दीस सुट्टी न्हाई तिला. मी तिला आटवनार. दोन महिनं गोळी न्हाई, आन् खुराक म्हंजे एक भाकरी. बग कशी येती परत."

मला ते पटलं. खोटं कशाला सांगू? तिच्या हाताखाली मी कितीतरी गाई आटवल्या हुत्या. आटवल्यावर दूध आलं न्हाई असं कंदी झालं नव्हतं. मी म्हनलं, "बरोबर हाय तुजं." माजी चूक ती हितंच झाली.

पंधरा दिसांत आक्का वाळली. तिला आनंद. "बग, पोट उतरलं." मग तिला तहान लागायला लागली. गोठ्यातल्या हौदावर वाकून गाईसंगट पानी प्यायची. दर घटकंला मोरीकडं पळायची. डोळ्याला अंधुक दिसायला लागलं, पन सड तर तिला आंधळ्यानं बी सापडायचे, म्हनून कुनाला कळलं न्हाई. मी म्हनलं, "आक्का, गोळी घे गं." तर म्हनली, "आटताना गाय बी दोन दीस हंबरती. दम धर."

दीड महिना झाला असंल. दुपारची धार चालली हुती. सोळा गाईंत जी सगळ्यात खोडील, तिच्याखाली आक्का बसली हुती. एकाएकी बादली कलंडली आन् आक्का गाईच्या पायातच आडवी झाली. त्या गाईनं पाय उचलला न्हाई. तशीच थांबली, आमी आक्काला ओढून काढूस्तवर.

राहुरीच्या डॉक्टरनं हात लावला न्हाई, म्हनला नगरला न्या. मालकाच्या टेम्पोत घालून सावेडीतल्या एका दवाखान्यात नेली. दोन दीस तिला शुद्ध-बेशुद्ध. शिरंतनं पानी चाललं हुतं, त्यातनंच इन्सुलिन बी देत हुते, पन ते तिला ठावं नव्हतं. मी खाली फरशीवर. मला सारखं वाटायचं, मी 'बरोबर हाय' म्हनले नसते तर? भाऊ सारखा म्हनायचा, "हट्टानं केलं. पथ्य पाळलं असतं तर ही येळ आली नसती."

तिसऱ्या दिवशी आक्का उठून बसली. तिथली डॉक्टरीन तरनीच हुती, चष्मेवाली. खुर्ची वढून आक्काच्या उशाला बसली. "आक्का, गोळ्या का बंद केल्या?"

"तिला आटवली."

"कुणाला?"

"आतलीला."

डॉक्टरीन माज्याकडं बघाया लागली. मी सगळं सांगितलं. गाय, पान्ह्याची सुई, आटवनं, एक भाकरी. मला वाटलं हसंल. ती हसली न्हाई. जरा इचार करून म्हनली, "आक्का, गाईंचं मला कळत नाही. तुम्ही सांगा. आटवलेली गाय परत दूध देते ती कशामुळं? आरामामुळं, का वासरू झाल्यामुळं?"

आक्का पाठीमागच्या उशीला टेकली. मग म्हनली, "वासरामुळं. व्याली न्हाई तर नुसत्या आरामानं काय येतंय?"

"तुमच्या पोटातली ही गाय परत व्यायची नाही आक्का. तिचं हे एकच वेत होतं."

आक्कानं चादरीचा काठ मुठीत धरला. "कवापास्नं आटतीय ती?"

"तुम्हाला कळायच्या कितीतरी आधीपासून. आधी काय होतं, शरीर इन्सुलिनचं नीट ऐकेनासं होतं. मग ते पिंड दुप्पट बनवतं. बरीच वर्षं ओढून नेतं, रक्त तपासलं तरी सगळं बरं दिसतं. आणि आतून ते दमत चाललेलं असतं. शिबिरात तुमची साखर सापडली, तेव्हाच ते बरंचसं थकलं होतं."

"म्हंजे मी हसत-खेळत हुते तवाच ती दोन गाईंचं दूध देत हुती."

"हो. आजार नवा असताना वजन उतरवलं, खाणं आवरलं, तर काही जणांचं पिंड थोडं सावरतं. तुमचे ते दिवस मागं गेले. आणि पुढं पथ्य पाळलं तरी बहुतेकांचं ते हळूहळू कमी कमीच देत जातं."

"मग गोळ्या वाढत गेल्या..."

"तुम्ही काही खाल्लं म्हणून नाही. ते आटत होतं म्हणून."

आक्कानं मान वर केली. 'काय खाल्लं' ह्याच्यावर तिची मान अशी वर मी कंदीच बघितली नव्हती. भाऊ दारात उभा हुता. त्याच्याकडं बघून म्हनली, "ऐकलंस का रे?"

भाऊ म्हनला, "मी कुठं काय..."

"मी काय खाल्लं, हे तू मला किती वर्सं इचारतोयस? आता ह्यांनी सांगितलं. ध्यानात ठेव, आन् घरी गेल्यावर बायकूला बी सांग."

मग डॉक्टरनीकडं वळली. "आन् ही सुई? हिनं तिला पिळनार?"

"सुई तिला हातही लावत नाही. पिळायचं काम गोळीचं होतं, तुमच्या गोळ्यांतल्या एकीचं. ती रोज पिंडाला ढकलायची, की दे, अजून दे. तेव्हा कासेत दूध होतं, तेव्हा गोळी बरोबरच होती. आता कास रिकामी झाली, पिळून काय येणार? सुईत इन्सुलिन तयारच असतं. गाईनं द्यायचं ते आपण बाहेरनं देतो."

आक्कानं माज्याकडं बघितलं. आमच्या गोठ्यात एखादी गाय व्याताना गेली न्हाईतर आटली, की तिच्या वासराला आमी बाटलीनं पाजायचो. दुसऱ्या गाईचं दूध कोमट करून, आक्का सोता मांडीवर तोंड घेऊन पाजायची.

"बाटलीच की गं ही," ती म्हनली.

मी म्हनलं, "व्हय आक्का. बाटलीच."

"आन् गोळी म्हंजे पान्ह्याची सुईच, ती मी इतकी वर्सं पान्यासंगट गिळत हुते." तिला हसू आलं, आन् राग बी आला. डॉक्टरनीला म्हनली, "हे मला त्या राहुरीतल्यानं का न्हाई सांगितलं?"

"सांगायला हवं होतं आम्ही," डॉक्टरीन म्हनली. "खरंय तुमचं."

"मग दे. वासरू लई दीस उपाशी हाय."

ती पहिली सुई तिनं सोता टोचून घेतली. नर्स दावत हुती कसं धरायचं, तर आक्का म्हनली, "दावू नको, मला ठावं हाय," आन् उलटीच धरली. मग नीट धरली. पोटाची वळी चिमटीत घेतली, टोचली, आन् माज्याकडं बघून म्हनली, "माशी चावल्यागत बी न्हाई. ह्याच्यासाठी मी मरत हुते व्हय!"

गोठ्यात परत आली तवा मालक म्हनला, "आक्का, आता घरी बसा. सुईवरची बाई धारंला..."

आक्का म्हनली, "सुई पोटाला हाय. दूध हातानं काढते मी. तुला दोन्हीतला फरक कळंना तर तू घरी बस."

बायांनी बी चिडवली. "काय आक्का, गाईला सुई नको म्हनून गडी घालवला, आन् सोता दोनदा टोचून घेता?"

"त्या सुईनं वासराच्या तोंडचं काढत्यात," ती म्हनली. "ह्या सुईनं वासरू जगतंय. कळलं का? न्हाई कळलं तर धार काढ."

जेवायच्या आदी ती अंगनात, सगळ्यांच्या समूर बसायची. भावजय म्हनायची, "आत जाऊन घ्या की, मानसं बघत्यात." "बघू दे. चोरी करतीय का मी?" घरात फ्रीज नव्हता. डॉक्टरनीला इचारून बाटली डब्यात आन् डबा मडक्यातल्या ओल्या वाळूत, सावलीला. शर्टाच्या खिशातनं तंबाकू गेली आन् गुळाचा खडा आला, साखर उतरून घाम फुटला तर तोंडात टाकायला. कुनी कुजबुजलं, शुगरवाली गूळ बाळगती, तर आक्का तो खडा काढून त्याच्या नाकासमूर धरायची. "औषद हाय. तुला पायजे का?"

सुईचं माप बी वाढत गेलं. पन आता तिची मान खाली जात नव्हती. तपासून आली की मला सांगायची, "सुईवरची दोन घरं वाढवली. ती आनखी आटली." जसं एखाद्या जुन्या गाईचं सांगावं तसं. दुख्ख न्हाई, लाज न्हाई.

त्यानंतर आठ वर्सं आक्कानं धार काढली. मग गुडघे गेले, तवा बाजंवर बसून आमाला हुकूम सोडायची. गेली ती एका दुपारी, जेवून पडली हुती, उठलीच न्हाई. दहाव्याला बाया बसल्या हुत्या, तिथं कुनीतरी म्हनलं, "सुईच्या नादी लागली आन् गेली बिचारी." मी आयुष्यात चार मानसात बोललेली न्हाई. त्या दिवशी उठून उभी ऱ्हायले. म्हनलं, "गोठ्यात गाईच्या पायात पडली हुती, तवाच गेली असती. सुई घेतली म्हनून त्याच्यावर आनखी इतकी वर्सं जगली. आन् बिचारी म्हनायचं न्हाई."

आता माजं. माज्या बी गोळ्या एकाच्या चार झाल्यात. मागल्या सोमवारी पोरीसंगट दवाखान्यात गेले. नवा डॉक्टर हाय, लई मऊ बोलतो. रिपोट बघून त्यानं पेन खाली ठेवलं, म्हनला, "मावशी, घाबरू नका, पण मला वाटतं आता हळूहळू आपल्याला..." माज्या पोरीनं माजा दंड घट्ट धरला. तिचे डोळे भरून आल्ते.

मी तिचा हात सोडवला. पदर खोचला आन् त्याचं पेन त्याच्यासमूर सरकवलं.

म्हनलं, "इन्सुलिनच ना? लिवा. सकाळची किती आन् सांजची किती, तेवढं पोरीला नीट सांगा."